भोंगा आधी, चित्र मागाहून

माझा जन्म तलासरीच्या डोंगरपट्टीतला, पाड्याचं नाव कशाला पाहिजे, तुम्ही तिथे गाडी घेऊन येणार नाही, आणि आलात तर गाडी परत जाणार नाही असा रस्ता. आई सांगायची, मी जन्मलो तेव्हा असा ओरडलो की अच्छाडच्या नाक्यावर उभ्या ट्रकवाल्यांना वाटलं मागचा हॉर्न मारतोय, आणि अख्खी रांग एकदम पुढे सरकली. आता अच्छाड आमच्यापासून लांब, मध्ये दोन डोंगर आणि एक नदी, पण आई खोटं बोलायची नाही. घरात ते खातं माझ्याकडे होतं.

नाव लहानू, आवाज थोरला. त्या आवाजावर पोट भरलं. आधी डहाणूच्या वाड्यांत चिकू उतरवायला जायचो, तिथला शेठ म्हणायचा, लहानू तू झाडावर चढू नको, खाली उभा राहून ओरड, चिकू आपोआप पडतील. मग अच्छाडला एका धाब्यावर लागलो, काम काय तर रस्त्याला उभं राहून हाका मारायच्या, गरम रोटी, दाल फ्राय, नहाने का पानी, आणि मी हाक मारली की गुजरातकडे निघालेली गाडी उलटी फिरून जेवायला यायची. हसू नका, लिहा. लिहिताय ना? मग एका मंडपवाल्याने तो आवाज ऐकला आणि माईक हातात दिला, तो माईक काय सुटला नाही बघा.

आमच्याकडे सगळीकडे क्रिकेट, पण फुटबॉल आला तो कोसबाडच्या बाजूने. तिथे शिकायला गेलेली पोरं सुट्टीला येताना एक बॉल घेऊन आली, आणि बघता बघता डोंगरापासून समुद्रापर्यंत पाड्यापाड्यात टीम. मग तालुक्यांची लीग सुरू झाली, तिच्यात अ गट आणि ब गट. अ गटाच्या पायात बूट होते. ब गटाला पाय होते. आमची टीम ब गटात, आणि ब गटातही वरून मोजाल तर दमाल, खालून मोजाल तर पहिलीच.

मैदान खाली हायवेच्या बाजूला, आणि आमचे पाडे वर डोंगरावर. मॅच रविवारी, पण रविवार असतो नोकरीवाल्यांना, आमची माणसं गवत कापणीला, बाया वाड्यांत, त्यांना कुठला रविवार. म्हणून मी दोन भोंगे बांधायचो, एक मैदानाकडे तोंड करून आणि एक सागाच्या उंच खांबावर, डोंगराकडे तोंड करून. दोन भोंग्यांना दोन बटणं. वर बाया विळा हातात धरून उभ्या राहायच्या, गवत तसंच, आणि कान खाली. एकदा म्हणे माझा आवाज चढला तेव्हा वरच्या शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या. शेळ्यांचं मी बघितलं नाही, पण मी सांगतो म्हणजे थांबल्याच असतील.

आता खरी गोष्ट. चौदा साली पहिलीच मॅच, समोर समुद्राकडच्या वाडीवाल्यांची टीम, दूध-केळी खाऊन मोठी झालेली पोरं, एकेकाची मांडी आमच्या कमरेएवढी. आमचा गोलकीपर नवशा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, वीस वर्षांचा, अंगाने काठी. पहिल्या अर्ध्यात चार गोल खाल्ले. मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी आला, तोंड धुतलं, आणि एवढंच म्हणाला, भावोजी, वर आई ऐकतेय.

बस, एवढंच. आणि माझा हात बटणावर गेला. पाचवा गोल झाला तो मैदानाला सांगितला, गोल! मग मैदानाचं बटण बंद केलं, डोंगराचं चालू केलं, आणि सांगितलं, नाही गेला! नाही गेला! नवशाने उडी मारली, आणि घार जशी कोंबडीचं पिल्लू उचलते तसा बॉल हवेतून उचलला! वर डोंगरावर बायांनी आरोळी ठोकली, ती खाली मैदानात ऐकू आली, आणि समुद्राकडची टीम एकमेकांकडे बघायला लागली की आपण गोल मारला आणि हे डोंगरात कोण नाचतंय.

तेव्हापासून ती रीतच पडली. पहिले चार गोल डोंगराने ऐकलेच होते, ते काय परत घेता येईनात, पण त्यानंतर तीन हंगाम नवशाने डोंगराच्या हिशोबाने एका मॅचला एकापेक्षा जास्त गोल खाल्ला नाही. आमची टीम हरायची, मी म्हणायचो बरोबरी, पाऊस नसताना म्हणायचो पावसाने मॅच थांबली. पोरांनी आपापसात ठरवलं होतं, घरी तोंड उघडायचं नाही. पाड्यावरचं कोणी मुद्दाम खाली बघायला आलंच, तर बघून असा मान खाली घालून जायचा की तोही आमच्यातलाच व्हायचा. आणि ब गटाचा निकाल कुठल्या पेपरात येतो सांगा.

मला वाटलं, कोणाचं काय बिघडलं. पण खोटं हे काकडीच्या वेलासारखं असतं, कुठल्या कुंपणावर चढेल सांगता येत नाही. ओहोळापलीकडच्या पाड्यावर लाडक्याबाबा राहतो. त्याला तुम्ही ओळखत नाही, म्हणून सांगतो, एकदा एकाने त्याला बैल पाच वर्षांचा म्हणून दिला, दात बघितले तर निघाला सहाचा. बाबाने बैल दाव्यासकट परत केला, आणि त्या माणसाशी अकरा वर्षं बोलला नाही, त्याच्या मयतीला गेला तोही पाठ करून बसला. तर असा हा लाडक्याबाबा. त्याची पोर लखमी, आमच्या नवशाला आवडली आणि तिलाही हा आवडला. मी मागणं घालायला गेलो, आणि बाबा काय म्हणाला ऐका. म्हणाला, भोंग्यावर ऐकतो मी दर रविवारी, ज्याच्या हातून बॉल सुटत नाही, त्याच्या हातून माझी पोर सुटायची नाही. सुपारी फोडली. सगळे हसले. मी पण हसलो, सगळ्यांच्या मागाहून.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात करायचं ठरलं. आणि सतरा सालची दिवाळी झाली आणि टीव्ही आला.

मनुभाई म्हणून एक केबलचॅनेलवाला, डहाणू बाजूचा. अ गटाच्या मॅचेस मोठ्या चॅनेलने उचलल्या होत्या, मग ह्याने लीगच्या कमिटीबरोबर करार केला, ब गट मी दाखवणार, थेट. मला येऊन मिठी मारली, केम लहानूभाय, हवे तमे टीव्ही पर, म्हणजे आता तुम्ही टीव्हीवर. मी म्हटलं वा वा. मग एकेक सुरू झालं. रविवारी त्याच्याकडे दुसरा कार्यक्रम, म्हणून मॅच बुधवारी. संध्याकाळी उजेड कमी, म्हणून दुपारी दोनला, डोक्यावर असं ऊन की बॉल हातात घेतला तर भाकर भाजून निघेल. जाहिरातीसाठी मधली सुट्टी लांबली. रेफरी शिट्टी मारायच्या आधी कॅमेरावाल्याकडे बघायचा, तो अंगठा दाखवेल तेव्हा थ्रो, आमचा पोऱ्या बॉल डोक्यावर धरून देवाच्या मूर्तीसारखा उभा. मैदानाला चारी बाजूंनी हिरवं कापड लावलं, म्हणजे फुकटे बघणार नाहीत. अहो, ब गटाला फुकटेच होते! दुसरे होते कोण? कापडाबाहेर चिंचेच्या झाडावर बसून बघणारे होते त्यांनाही उतरवलं, म्हणे चित्रात बरं दिसत नाही. रविवारी जिथे दोन हजार माणूस उभं राहायचं, म्हणजे माझ्या मोजणीने वीस हजार, तिथे बुधवारी दुपारी मोजून साठ डोकी, त्यातली दहा शेळ्यांची.

आता तुम्ही म्हणाल लहानूला काय, लहानू टीव्हीवर. सांगतो. माणसं येईनात म्हणून मनुभाई म्हणाला, भोंगा चालूच ठेवा, भोंग्याशिवाय मॅच मेल्यासारखी दिसते. पण त्याचा आवाजवाला माणूस आला, त्याने माझ्या तारा बघितल्या, कपाळावर हात मारला, आणि दोन्ही भोंग्यांच्या तारा एकत्र पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. दोन बटणांची एकच झाली. म्हणजे आता जे मैदानाला तेच डोंगराला, आणि तेच टीव्हीला. आणि वर मनुभाईने लाडक्याबाबाच्या ओटीवर फुकट टीव्ही बसवून दिला, दोन्ही पाड्यांनी तिथे बसून बघायचं. बाबाने बुधवारचं काम बंद ठेवलं. म्हणाला, जावयाला डोळ्याने बघू.

काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापासून मला भीतीने धरलं. भीती म्हणजे, अशी तशी नाही. मी वाघाला ओरडून पळवलेला माणूस, आणि आता बुधवार म्हटलं की चहाची बशी तोंडापर्यंत जाईस्तोवर रिकामी. जेवण जाईना. बायको जमनी म्हणते, डोंगरभर भुंकताना भीती नाही वाटली, आता का शेपूट घालता? मी म्हटलं, अगं तुझ्या भावासाठीच भुंकलो. ती म्हणते, माझ्या भावाला गोलमध्ये उभं राहायला सांगितलेलं, देव्हाऱ्यात नाही.

विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या पायावर गेलो. नारळ ठेवला आणि म्हटलं, आई, कॅमेरा बिघडू दे. मग वाटलं बिचाऱ्या कॅमेऱ्याने काय केलंय, म्हटलं, बरं, वीज जाऊ दे. मग वाटलं, वीज गेली तर भोंगा पण जाईल. असं मी नवस बदलत बदलत उभा, मागची रांग ओरडायला लागली, पुजारी म्हणाला, अरे बाबा, एक काय ते माग आणि सरक. मग तोंडातून निघालं, आई, मला खरं बोलायची ताकद दे. हे मी कसं बोललो मला अजून कळलेलं नाही. गर्दीत माणूस काहीही बोलतो.

तारा एक झाल्यानंतरचा पहिला बुधवार उजाडला. समोर तीच समुद्राकडची टीम. नवशा हातमोजे घालताना माझ्याकडे बघून म्हणाला, भावोजी, आज काय बोलणार? मी म्हटलं, जे होईल ते. त्याचा चेहरा पडला, पण मान हलवली, चांगला पोऱ्या आहे तो.

आणि सहाव्या मिनिटाला, पहिल्यांदा आयुष्यात, मी भोंग्यावर खरं बोललो. गेला. गोल गेला. आवाज असा आला जसा मडक्यातून. मग दुसरा, गेला. मग तिसरा, गेला. मनात म्हटलं, झालं, संपलं, वर लाडक्याबाबाने सगळं बघितलं, तीन वर्षांचं पितळ उघडं पडलं, सुपारी मोडली, नवशाची लखमी गेली. पण मनावरचं ओझं पण गेलं हो. हलकं वाटलं. वाटलं आता मारतील, मारू देत.

मधली सुट्टी झाली आणि लाडक्याबाबाचा थोरला मुलगा देवजी मोटरसायकलवरून धूळ उडवत आला. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, मार बाबा, पण हळू मार. तो मारेना. हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, लहानूदादा, आमचं काय चुकलं? मला काही उमगेना. तो म्हणाला, वर सगळे टीव्हीपुढे बसलोय, बॉल टीव्हीत अजून मैदानाच्या मध्यावर, आणि खालून तुमचा भोंगा म्हणतो, गोल गेला. आम्ही हसलो, लहानूदादाला ऊन लागलं. आणि मग बघतो तर काय, बॉल तिथून निघाला, आला, आणि गेला. तुम्ही बोललात, मग झालं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तुम्ही गेला म्हणालात तेव्हा बाया डोळे मिटून बसल्या, बघायलाच नको म्हणून, आणि डोळे उघडले तर बॉल जाळ्यात. बाबा म्हणतो, तीन वर्षं हा नाही गेला म्हणायचा तर जात नव्हता, आज गेला म्हणतो तर जातोय. ह्याच्या जिभेवर काहीतरी आहे. ह्याला सांग, दुसऱ्या अर्ध्यात परत गेला म्हणाला तर सुपारी मोडली समज, असा माणूस मला सोयरा नको.

आता मी हसायला पाहिजे होतं ना? आज हसतो. पण तेव्हा हसू आलं नाही. कारण ते चित्र मागून येतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. देवजी थापा मारणारा नाही, मी आहे. मनात म्हटलं, खरंच मी बोललो म्हणून गेले का रे? विवळवेढ्याला मी काय मागितलं आणि आईने काय दिलं? खरं बोलायची ताकद मागितली, तिने मी बोलेन ते खरं करायची ताकद दिली की काय? जन्मभर थापा मारल्या त्या वाऱ्यावर गेल्या म्हणून मारल्या. आता प्रत्येक थापेला पाय फुटणार? आठवायला लागलो, सकाळी जमनीला काय बोललो, शेजाऱ्याच्या म्हशीला काय बोललो. घाम असा सुटला की माईक हातातून निसटला.

ही बातमी मैदानातही पसरली. अशा बातमीला केबल लागत नाही. समुद्राकडची पोरंसुद्धा माझ्या टेबलाकडे बघून कुजबुजायला लागली.

दुसरा अर्धा सुरू. बॉल आमच्या बाजूला आला की मी आधीच म्हणायचो, नाही जाणार, नाही जाणार. आणि दोनदा नाही गेला. दरवेळी मला अजून भीती. शेवटची पाच मिनिटं राहिली, आणि आमच्या एकाने त्यांच्या एकाला गोलपुढे पाडलं. पेनल्टी.

कॅमेरावाला जवळ सरकला. समोर त्यांचा सगळ्यात दांडगा पोऱ्या, त्याचा फटका बसला तर गोलचा बांबू उखडून वलसाडला जाईल असा. मी माईकपुढे, आणि तोंड उघडेना. गेला म्हणालो तर लग्न मोडलं. नाही गेला म्हणालो आणि बॉल आत गेला, तर आज ओटीवर बसून डोळ्याने बघतायत, तीन वर्षांचं खोटं एका क्षणात उघडं, तरी लग्न मोडलंच. मी गप्प बसलो. माझा भोंगा गप्प असलेला डोंगराने पहिल्यांदा ऐकला. नंतर जमनी सांगत होती, वर ओटीवर एका बाईने लहान पोराच्या तोंडावर हात ठेवला, एवढी शांतता.

नवशाने गोलमधून माझ्याकडे बघितलं. मान वर करून ओरडला, भावोजी, बोला की! आणि नवशाला उभ्या जन्मात कधी वाटलं नसेल की माझ्या बोलण्याने बॉल अडतो. त्याला फक्त माझ्या आवाजाची सवय होती. तीन हंगाम त्याने माझ्या आवाजात गोल खाल्ले होते.

मी माईक तोंडाला लावला आणि म्हटलं, वाचवला. बॉल अजून ठिपक्यावर होता. त्याने पाऊल उचललं नव्हतं. वाचवला, नवशाने वाचवला, असं मी अगदी हळू म्हटलं, कानात सांगतात तसं.

तो दांडगा थबकला. भोंग्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं, आणि धावत आला, पण पायातला जीव गेला होता त्याच्या. बॉल आला तो असा, जसा पिकलेला चिकू पानावरून घरंगळतो, सरळ नवशाच्या दोन्ही हातांत. नवशा हातातल्या बॉलकडे बघतच राहिला, हे काय आहे म्हणून. खाली आम्ही ओरडून मोकळे झालो, श्वास घेतला, आणि मग वरून डोंगरातून आरोळी आली. मागाहून. तेव्हा माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं, पण भीतीत अक्कल कुठे असते.

तीन शून्य हरलो. लाडक्याबाबा म्हणाला, शेवटी सोयऱ्याने ऐकलं. लग्न झालं उन्हाळ्यात, मीच भोंग्यावर.

मग मी त्या आवाजवाल्याला विचारलं. तो हसून हसून खाली बसला. म्हणाला, काका, तुमचा आवाज डोंगरावर सरळ जातो, आमचं चित्र कॅमेऱ्यातून गाडीत, गाडीतून डहाणूच्या ऑफिसात, तिथून फिरून तारेने पाड्यावर, आठ-दहा सेकंद मागे राहतं. एवढंच. मला वाटलं सुटलो. धावत पाड्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. तीन वर्षं खोटं सांगितलं तर सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि हे एक खरं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. लाडक्याबाबा म्हणाला, असू दे, तुला लपवायचं असेल तर लपव.

मनुभाई दीड हंगामात गेला. आता म्हणे मोबाईलवर दाखवणार कोणी दुसरा. पण बुधवार तोच राहिला, हिरवं कापड राहिलं, चिंचेवर परत कोणी चढलं नाही. मॅच असली की माणसं आपापल्या ओटीवर, आधी भोंगा ऐकतात, मग चित्र येतं का बघतात. बॉलकडे बघत नाहीत हो, माझं खरं होतं का ते बघतात. मी बॉल कुठे आहे एवढंच सांगतो आता, गोलचं नाव घेत नाही. कोणी दारात येतं, म्हणतं, लहानूदादा, गाय नीट विणार असं बोला. कोणी म्हणतं, रस्त्याची मोजणी आमच्या शेतात येणार नाही असं बोला. मी पळतो. मला माहीत आहे ते आठ सेकंद, पक्कं माहीत आहे. पण तरी जीभ चावून बसतो. थापाड्या माणसाला खरी भीती कशाची, तर कोणी त्याचं मानेल ह्याची.

आणि आता तर जमीन हलायला लागलीय. तुम्ही पेपरात वाचलं असेल, आम्ही पायाने वाचलं. भांडी वाजतात, भिंतीला चीर जाते, माणसं अंगणात ताडपत्री बांधून राहतात, घरात शिरायचं तर एकाने दारात उभं राहायचं. काल दुपारी लखमी अंगणात बसली होती, मांडीवर दोन महिन्यांची पोर, नवशा बाजूला. पुन्हा एक गुरगुर झाली खालून. पोर रडली. लखमी माझ्याकडे बघून म्हणाली, भावोजी, बोला ना. नवशाला तर सगळं ठाऊक आहे, बटणं ठाऊक, तारा ठाऊक, आठ सेकंद ठाऊक. तरी तोही म्हणाला, भावोजी, बोला की.

आता तुम्हीच सांगा मी काय करणार होतो. माईक नव्हता, भोंगा नव्हता. पोरीच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, नाही हलणार. आता नाही हलणार.

बोललोय. अजून जमिनीला हात लावून बसलोय. चित्र यायचंय.